पेटीतली पत्रिका आणि पिवळा भुईमूग



या वेळच्या भित्तिपत्रकाला गुरुजींनी 'आपली माती' हा विषय दिला आहे. कुणी मातीची चित्रे काढली, कुणी कुंभाराची माहिती लिहिली. मी माती परीक्षणाची माहिती लिहिणार आहे. ही माहिती मला पुस्तकातून कमी आणि आमच्या रानातून जास्त मिळाली. लेख मोठा आहे म्हणून गुरुजींनी मला तीन कागद दिले. कंटाळू नका, शेवटपर्यंत वाचा. शेवटी प्रश्न आहेत.

भुईमूग पिवळा पडला

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात आहे. सीना नदी आमच्या तालुक्यातून वाहते. आमच्या विहिरीजवळ अर्धा एकर रान आहे. मागच्या वर्षी मी तिसरीत होते, तेव्हा तिथे उन्हाळी भुईमूग पेरला होता. आईने बचत गटातून पैसे उचलून बी आणले होते. भुईमूग छान उगवला. पण महिन्याभराने तो पिवळा पडायला लागला. लांबून पाहिले तर हळद सांडल्यासारखे दिसायचे.

आबांना (माझ्या आजोबांना) काळजी लागली. दुकानात विचारले तर ते म्हणाले, "युरिया टाका, हिरवंगार होईल." पप्पांनी एक पोतं आणून टाकलं. पाणीही भरपूर दिलं. आठ दिवस झाले, तरी भुईमूग पिवळाच! उलट जास्त पिवळा. मग आबा म्हणाले, "एका पोत्यानं भागलं नाही, आणिक एक आणा." आई म्हणाली, "पैसे कुठून आणू? गटाचा हप्ता द्यायचाय." त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

गुरुजींचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला मी गुरुजींना हे सांगितलं. गुरुजींनी मला एकच प्रश्न विचारला, "खालची जुनी पानं पिवळी आहेत, का शेंड्याची नवी?"

मला सांगता येईना. रोज रानात जाते, पण नीट बघितलंच नव्हतं. संध्याकाळी जाऊन बघितलं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी होती. त्यांच्या शिरा मात्र हिरव्या होत्या. जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी होती. मी एक पान वहीत घालून आणलं.

गुरुजींनी वर्गात सगळ्यांना ते दाखवलं आणि समजावलं. झाडाला नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. कारण नत्र झाडात फिरतं. घरात भाकरी कमी असली की आई आपल्यातली लेकराला देते. तसं जुनं पान आपलं नत्र नव्या पानाला देऊन टाकतं. पण लोह एकदा पानात बसलं की सहसा तिथून हलत नाही. म्हणून लोह कमी पडलं की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. याला शेतकरी 'केवडा पडला' असे म्हणतात. युरियात नत्र असते, लोह नसते. मग युरियाने केवडा कसा जाणार?

पण गुरुजी म्हणाले, "माझा हा अंदाज आहे. खरं उत्तर माती देईल. तुमच्या घरी जमीन आरोग्य पत्रिका आहे का बघ."

पेटीतली पत्रिका

आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात सातबारा, रेशनकार्ड, आणि माझ्या जन्माचा दाखला असतो. आबांनी पेटी उघडली. सगळ्यात खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. त्यावर आबांचे नाव होते. 'जमीन आरोग्य पत्रिका' असे लिहिले होते. ती काही वर्षांपूर्वी गावात वाटली होती. आबांनी ती सरकारी कागद म्हणून जपून ठेवली होती. पण ती कुणी वाचली नव्हती!

मी ती मोठ्याने वाचली. त्यात बारा ओळी होत्या. लोहाच्या ओळीपुढे लिहिले होते, 'कमी'.

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे उत्तर पेटीत होतं, आन आपण दुकानात हुडकत होतो."

जमीन आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगड येथे सुरू झाली. तेव्हापासून देशभरात पत्रिका वाटल्या. पत्रिकेत या बारा गोष्टी असतात : सामू, विद्राव्य क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. आमच्या वर्गाने या बारा नावांचे पाढ्यासारखे पाठांतर केले आहे. विचारून बघा!

लोह कुलपात आहे

आमच्या रानात माती काळी आहे. ती बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकापासून झाली आहे. त्या खडकात लोह पुष्कळ असते. तुम्ही ओढ्याच्या कोरड्या वाळूत चुंबक फिरवून बघा. काळे बारीक कण मिशांसारखे चिकटतात. त्यात लोह असते. मग मला प्रश्न पडला, मातीत एवढे लोह असताना भुईमूग उपाशी कसा?

याचे उत्तर आमच्या कृषी सहायक साहेबांनी दिले. गुरुजींच्या सांगण्यावरून आबांनी त्यांना रानात आणले होते. साहेबांनी मातीतला एक पांढरा खडा उचलला आणि त्यावर लिंबू पिळले. खड्यावर बारीक फेस आला! साहेब म्हणाले, "ही चुनखडी. चुनखडी असली की मातीचा सामू वाढतो. मग लोह मातीत असूनसुद्धा मुळांना पाण्यातून घेता येत नाही. समज, कणगी भरलेली आहे, पण तिला कुलूप आहे. घरातली माणसं उपाशी राहतील की नाही?"

सामू ० ते १४ पर्यंत मोजतात. ७ म्हणजे मध्यम. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. बहुतेक पिकांना साडेसहा ते साडेसात बरा. आमच्या पत्रिकेत सामू ८.२ होता.

साहेबांनी आणखी एक चूक दाखवली. चुनखडीच्या रानात पाणी जास्त झाले की केवडा वाढतो. आम्ही तर काळजीपोटी जास्त पाणी देत होतो. त्यांनी वाफसा आल्याशिवाय पाणी देऊ नका असे सांगितले.

पोत्याचे गणित

साहेबांनी भुईमुगाचे एक रोप उपटून दाखवले. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. नखाने फोडली तर आत गुलाबी! या गाठीत जिवाणू राहतात. ते हवेतले नत्र झाडाला देतात. म्हणून भुईमुगाला नत्राचे खत थोडेच लागते. आणि गंमत म्हणजे त्या गुलाबी रंगातही लोह असते.

भुईमुगाला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद द्यावे अशी शिफारस आहे. मी गुरुजींच्या मदतीने गणित केले.

अर्धा एकर म्हणजे सुमारे ०.२ हेक्टर, म्हणजे हेक्टरचा पाचवा भाग.
२५ भागिले ५ = ५ किलो नत्र पाहिजे.
युरियाच्या पोत्यात ४५ किलो युरिया असतो. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. म्हणून एका पोत्यात २० किलोपेक्षा थोडे जास्त नत्र.

म्हणजे आम्ही एका पोत्यातच चौपट नत्र टाकले होते! दुसरे पोते टाकले असते तर आठपट झाले असते. नत्र जास्त झाले की पाला माजतो, शेंगा कमी लागतात, आणि गाठीतले जिवाणूही आळशी होतात. हे गणित मी आबांना पाटीवर करून दाखवले. आबांनी ते दोनदा करायला लावले. मग दुसरे पोते आणायचे राहिले.

चार ओळींचा प्रयोग

साहेबांनी हिराकस फवारायला सांगितले. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. प्रमाण असे : १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूसत्व.

आबांना भरवसा वाटेना. ते म्हणाले, "एकदा फसलो, आता सगळ्या रानावर नगं." तेव्हा साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आधी चार ओळींवर फवारा. बाकीचं तसंच ठेवा. आठ दिवसांनी बांधावर उभे राहून बघा."

पप्पांनी तोंडाला फडकं बांधून सकाळी चार ओळी फवारल्या. मला लांब उभं केलं होतं. दोन्ही बाजूंना मी काठ्या रोवल्या, म्हणजे ओळी चुकायला नकोत. रोज शाळा सुटली की मी बघायला जायचे. पहिले तीन दिवस काही दिसलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं. सहाव्या दिवशी शेंडे जरा हिरवट वाटले. आठव्या दिवशी तर बांधावरून सरळ दिसायला लागलं, पिवळ्या रानात चार हिरव्या ओळी! आबांनी शेजारच्या काकांना हाक मारून दाखवलं.

मग सगळ्या रानावर फवारणी झाली. १०० लिटर पाणी लागले, म्हणजे अर्धा किलो हिराकस. पुढे आणखी एकदा फवारले. मी खोटं लिहिणार नाही. शेंगा आधीच्या वर्षीपेक्षा थोड्या कमीच निघाल्या, कारण सुरुवातीचे दिवस वाया गेले होते. पण पीक मोडावं लागलं नाही आणि आईचा गटाचा हप्ता वेळेवर गेला.

मातीचा नमुना कसा घ्यावा

साहेबांनी सांगितले की जुन्या पत्रिकेवर कायम बसून राहू नका. त्या योजनेत बागायत भागात अडीच हेक्टरला एक आणि जिरायत भागात दहा हेक्टरला एक असा नमुना घेतला होता. म्हणजे आबांच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्यांच्या रानातलीही असू शकते. म्हणून आपल्या रानाची माती आपणच नीट घेऊन तपासावी. खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नये, दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. म्हणून आम्ही भुईमूग काढल्यावर मे महिन्याच्या शेवटी माती घेतली. ती अशी :

१. एकसारख्या दिसणाऱ्या रानाचा एक नमुना. काळे रान वेगळे, मुरमाड वेगळे. दोन्हीची माती एकत्र करू नये.

२. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खुणा कराव्यात. तिथला काडीकचरा बाजूला करावा, माती खरडू नये.

३. प्रत्येक खुणेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यावा. खोली मोठ्या माणसाची एक वीत, म्हणजे २० ते २२ सेंटीमीटर. खड्ड्यातली माती काढून टाकावी. मग खड्ड्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्यावी.

४. लोह, जस्त तपासायचे असेल तर गंजलेले खुरपे आणि लोखंडी घमेले वापरू नये. गंज मातीत मिसळला तर लोह खोटेच जास्त दिसेल. आम्ही बांबूची पट्टी आणि प्लॅस्टिकचे घमेले घेतले.

५. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळावी. ढीग करून भाकरीसारखा पसरावा आणि चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत. उरलेले पुन्हा मिसळावेत. अर्धा किलो माती राहीपर्यंत असे करावे.

६. माती ओली असेल तर सावलीत वाळवावी. उन्हात नाही.

७. कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या पिशवीत कधीच भरू नये. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, तारीख, आधीचे पीक आणि पुढचे पीक लिहावे. एक चिठ्ठी आत, एक बाहेर.

डाळिंबासारखी फळबाग असेल तर मुळे खोल जातात. तेव्हा तीन फुटांपर्यंत दर फुटाचा वेगळा नमुना घ्यावा.

माती कुठून घेऊ नये? झाडाखालून, बांधाजवळून, विहिरीजवळून, उकिरड्याच्या जागेवरून, आणि जनावरे बसतात तिथून.

इथे माझी एक फजिती झाली. पहिला खड्डा मी लिंबाच्या झाडाखाली घ्यायला निघाले. तिथे जनावरे बसतात, म्हणून माती काळीभोर आणि भुसभुशीत आहे. मला वाटले, चांगली माती पाठवावी म्हणजे चांगले मार्क मिळतील! साहेब हसून म्हणाले, "पोरी, तपासणीचे साहेब शाळेत आले की हुशार पोरांनाच पुढं बसवतात, तसं करतेस होय? रान जसं आहे तसं सांगायचं. माती खोटी दिली की सल्ला खोटा मिळतो." गुरुजीही तिथे होते. तेही हसले.

तपासणीचा कागद

आमचा नमुना सोलापूरच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत गेला. चुनखडीची तपासणी आम्ही वेगळी मागून घेतली. पंधरा दिवसांनी कागद आला. या वेळी तो पेटीत गेला नाही. आबांनी तो माझ्या हातात दिला आणि सगळे ऐकायला बसले.

सामू ८.३. चुनखडी १२ टक्के, म्हणजे जास्त. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, म्हणजे कमी. स्फुरद कमी. पालाश भरपूर. लोह २.९. लोह साडेचारपेक्षा कमी असले की कमतरता धरतात.

यातून काय शिकायचे? पालाश भरपूर आहे, तर त्यावर जास्तीचा खर्च नको. स्फुरद कमी आहे, ते पेरताना द्यायचे. सेंद्रिय कर्ब कमी आहे, म्हणून शेणखत आणि कंपोस्ट वाढवायचे. आणि लोहासाठी हिराकस नुसते मातीत फेकायचे नाही, नाहीतर चुनखडी तेही कुलपात टाकते. एक भाग हिराकस दहा भाग शेणखतात मुरवून द्यायचे. आता आम्ही काडीकचरा जाळत नाही, खड्ड्यात कुजवतो. आबा म्हणतात, चुनखडी काही आपल्याच्याने जाणार नाही, पण तिच्याबरोबर नांदायला शिकलो.

कुणाला विचारावे?

१. आपल्या गावचे सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक). सगळ्यात जवळचे.
२. सोलापूरची मृद चाचणी प्रयोगशाळा. इथे माती तपासतात. पाणी तपासायचे असेल तर त्याचीही चौकशी इथे करावी.
३. मोहोळचे कृषी विज्ञान केंद्र. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुद्दुचेरीत सुरू झाले.
४. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना १९६८). मोहोळचे केंद्र याच विद्यापीठाचे आहे. महाराष्ट्रात आणखी तीन कृषी विद्यापीठे आहेत : अकोला, परभणी आणि दापोली.
५. डाळिंबासाठी सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ते २००५ साली सुरू झाले.
६. किसान कॉल सेंटर. फोन १८००-१८०-१५५१. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. हे २००४ सालापासून आहे.

फोन करण्याआधी पान नीट बघून ठेवा. पिवळे पान जुने की नवे, शिरा हिरव्या की पिवळ्या, खत कधी टाकले, पाणी किती दिले. नीट सांगितले तर नीट सल्ला मिळतो.

शब्दार्थ

सामू – माती आम्ल आहे की विम्ल, हे सांगणारा आकडा.
सेंद्रिय कर्ब – कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेणखतातून मातीत आलेला कर्ब.
हिराकस – फेरस सल्फेट. हिरवट खडे असतात.
वाफसा – पेरायला किंवा मशागतीला योग्य अशी मातीची ओल. फार ओली नाही, फार कोरडी नाही.
केवडा – लोहाच्या कमतरतेने शेंड्याची पाने पिवळी पडणे.

सांगा पाहू!

१. खालची जुनी पाने पिवळी पडली तर कशाची कमतरता असेल?
२. मातीचा नमुना खताच्या पिशवीत का भरू नये?
३. एक एकर भुईमुगाला किती किलो नत्र पाहिजे? (एक एकर म्हणजे सुमारे ०.४ हेक्टर.)
४. तुमच्या घरची पत्रिका कुठे ठेवली आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिल्या तिन्हींची उत्तरे या लेखात सापडतील. चौथ्याचे तुमच्या घरी सापडेल.

आईवडिलांनो, आम्ही चौथीच्या मुलांनी ठरवले आहे की दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास ओट्यावर बसायचे. तुमची पत्रिका घेऊन या. बाराही ओळी आम्ही वाचून दाखवू. अर्थ अडला तर गुरुजी आहेत, आणि गुरुजींना अडला तर साहेबांना फोन आहे. ज्यांच्याकडे पत्रिका नाही, त्यांना नमुना कसा घ्यायचा ते आम्ही करून दाखवू. शाळेच्या परसबागेची माती आम्ही याच पद्धतीने घेतली आहे. तिचा कागद आला की याच भिंतीवर लावू.

मागच्या शनिवारी सर्वांत आधी आमचे आबा आले होते. त्यांना वाचता येत नाही, पण लोहाची ओळ कितवी ते आता त्यांना पाठ आहे.

इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा